काँक्रीटचं धरण कशावर उभं असतं: वजन, पायाखालचं पाणी आणि ७५ मिलिमीटरची भोकं

तलांक (धागाकर्ता)

जलाशय भरत आले की गॅलरीत (धरणाच्या पोटातल्या बोगद्यात) पाणी ठिबकतानाचा एखादा व्हिडिओ फिरायला लागतो आणि "धरणाला गळती, धोका!" सुरू होतं. दुसरीकडे "लाखो टन काँक्रीट आहे, त्याला काय धाड भरलीय" म्हणणारेही असतात. आकडे दोघांकडेही नसतात, म्हणून हा धागा. विषय फक्त ग्रॅव्हिटी धरणांचा, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभी असणारी काँक्रीटची आणि दगडी. मातीच्या धरणाचं सगळंच वेगळं, ते इथे नको.

हवेत बोलण्यापेक्षा एक साधा छेद घेऊ. काटकोन त्रिकोण, पाण्याकडचा चेहरा सरळ उभा, उंची १०० मीटर, पायाची रुंदी ८० मीटर. पाणी माथ्याला टेकलेलं, खालच्या अंगाला पाणी नाही. लांबीतला एक मीटरचा काप. काँक्रीट घनमीटरला २.४ टन.

वजन ९,६०० टन. पाण्याचा आडवा रेटा ५,००० टन, तो पायापासून ३३.३ मीटर उंचीवर लागतो. पाण्याकडच्या खालच्या कडेला हील म्हणू, पलीकडच्या कडेला टो.

आता खालून बघा. खडक आणि काँक्रीटच्या सांध्यात पाणी शिरतंच, कितीही ग्राउटिंग करा (फटींत पातळ सिमेंट दाबून भरा). हीलशी पूर्ण १०० मीटर पाण्याचा दाब, टोशी शून्य आणि मधे सरळ उतार धरला तर वर उचलणारं बळ, म्हणजे अपलिफ्ट, ४,००० टन. कागदावर ९,६०० टनांचं असलेलं धरण पायावर बसतं ५,६०० टनांनी.

हीलपासून ८ मीटरवर ड्रेनची, म्हणजे पायातल्या खडकात पाडलेल्या निचऱ्याच्या भोकांची, रांग असेल आणि ती चालू असेल तर आयएस ६५१२ या ग्रॅव्हिटी धरणांच्या भारतीय कोडप्रमाणे तिथे दाब एक तृतीयांशावर आला असं धरतात. मग अपलिफ्ट १,७३३ टन आणि पायावर उरलेलं वजन ७,८६७ टन. फरक २,२६७ टनांचा. नुसत्या वजनात मोजलं तर मीटरमागे साधारण ९४५ घनमीटर काँक्रीट, म्हणजे अख्ख्या छेदाचा जवळपास पाव भाग. हे काम ७५ मिलिमीटर व्यासाची भोकं करतात.

तर पहिला प्रश्न: गॅलरीत पाणी दिसणं वाईट, की न दिसणं?

शून्यताण

उत्तराआधी तुमचंच गणित एक पाऊल पुढे नेतो, कारण नुसत्या टनांवरून धोका कळत नाही. बळांची बेरीज पायावर कुठे पडते ते बघावं लागतं. नियम जुना आहे: ती मधल्या तिसऱ्या हिश्शात पडली तर हीलशी ताण (सांधा ओढून उघडणारं बळ) येत नाही. आपल्या छेदात मधला हिस्सा टोपासून २६.७ ते ५३.३ मीटर.

ड्रेन चालू: बेरीज टोपासून ३१.४ मीटरवर. आत आहे. हीलशी चौरस मीटरला सुमारे ३५ टन दाब, टोशी १६२ टन.

ड्रेन बंद: बेरीज २३.६ मीटरवर. बाहेर. हीलशी १६ टन ताण.

१६ टन म्हणजे काँक्रीटच्या हिशेबाने किरकोळ. कोड तर पूर आणि ड्रेन बंद अशा एकत्र स्थितीत घनशक्तीच्या (काँक्रीटचा ठोकळा दाबून मोजलेल्या ताकदीच्या) २ टक्क्यांपर्यंत ताण चालवूनही घेतो. पण खडक-काँक्रीटच्या सांध्याला ताण झेपतो यावर मी विसंबणार नाही. सांधा उघडला की गणिताचा चेहराच बदलतो: भेगेत पाणी शिरतं आणि भेगेच्या पूर्ण लांबीत १०० मीटरचा दाब लागतो. अपलिफ्ट वाढतं, भेग आणखी पुढे सरकते, अपलिफ्ट आणखी वाढतं.

हे कुठे थांबतं? भेगेच्या टोकाशी ताण शून्य धरून समीकरण सोडवलं तर या छेदात भेग ३२.५ मीटरवर थांबते. ८० मीटरच्या पायातला ४७.५ मीटर शिल्लक. पायावरचं वजन ३,९७५ टन. टोशी दाब १६७ टन, म्हणजे फारसा वाढलेला नाही. त्यामुळे चिरडण्याची भीती इथे नाही. घसरण्याची आहे.

मांजऱ्या

घसरण्याचं सूत्र दोन तुकड्यांचं असतं. वजन गुणिले घर्षण हा एक, संपर्काचं क्षेत्र गुणिले चिकटपणा हा दुसरा. आयएस ६५१२ मधे दोन्हींना वेगवेगळे सुरक्षा गुणक आहेत आणि ते मुद्दाम तसे ठेवलेत. नेहमीच्या स्थितीत घर्षणाला १.५ आणि चिकटपणाला ३.६. पूर आणि ड्रेन बंद असताना १.० आणि १.२.

घर्षणांक ०.८ आणि चिकटपणा चौरस मीटरला ५० टन धरून तिन्ही स्थिती काढल्या. गुणक लावल्यानंतर उत्तर १ च्या वर हवं.

ड्रेन चालू, नेहमीची स्थिती: १.०६.
ड्रेन बंद, भेग धरली नाही: १.५६.
ड्रेन बंद, भेग ३२.५ मीटर: १.०३.

मधला आकडा फसवा आहे. तो मोठा दिसतो कारण गुणक सैल केलेत. भेग मोजली की तोच कसाबसा काठावर येतो. आणि त्या १.०३ मधला जवळपास ०.४ चा वाटा चिकटपणाचा. तो काढून टाका, ०.६४ उरतं.

आता मला सांगा, या ५० टनांवर छातीठोक सही कोण करेल? घर्षणांक प्रयोगशाळेत बऱ्यापैकी हाती लागतो. चिकटपणा ठिकाणागणिक बदलतो, आणि सांधा एकदा सरकला की कायमचा जातो. म्हणूनच त्याला ३.६ नी भागतात. हे अविश्वासाचं माप आहे.

तलांक

हे "अविश्वासाचं माप" आवडलं. पण मग चिकटपणा शून्यच का धरत नाहीत? जुनी धरणं तपासताना काही जण तसा आग्रह धरतात.

मांजऱ्या

धरावा, पण जिथे कारण आहे तिथे. सरसकट शून्य धरलं तर आपला हा छेद ड्रेन चालू असतानाही गुणकांसकट ०.८४ येतो, म्हणजे निम्मी जुनी धरणं कागदावर आजच वाहून जातात. गुणक काढले तर तोच १.२६. म्हणजे आज उभं आहे, पण राखीव फारसं नाही. कोअर (ड्रिलने काढलेला गोल नमुना) काढून सांधा खरंच जुळलेला मिळाला तर चिकटपणा घ्यावा. कोअर सांध्यावर सुटून आला तर घेऊ नये.

आणि खरी कमजोर पातळी बऱ्याचदा त्या सांध्यात नसतेच, ती खाली खडकात असते. दख्खनच्या बेसाल्टमधे लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. दोन थरांच्या मधे लाल बोलचा पट्टा येतो, विटकरी रंगाचा, भिजला की मऊ. तो जवळजवळ आडवा असतो आणि पाण्याचा रेटाही आडवाच. काळा पाषाण वर किती छान वाजतो याला मग अर्थ नाही, धरण खालच्या पट्ट्यावरून सरकतं. मांजऱ्या दगड, म्हणजे पांढऱ्या पुटकुळ्यांचा बेसाल्ट, त्या मानाने गरीब बिचारा. तो मजबुतीला कमी असतो, पण पाणी सहसा अडवतो. घट्ट काळ्या पाषाणात उभे सांधे असतात आणि पाणी तिथूनच पळतं. लोक बरोब्बर उलटं समजतात.

पट्टा उथळ असेल तर खोदून काढायचा आणि काँक्रीट भरायचं. खोल असेल तर पट्टा तोडून आरपार काँक्रीटची खुंटी घालायची, किंवा टोच्या बाजूचा खडक अडवेल इतका पाया खाली न्यायचा. टोच्या बाजूचा खडक पुढे नांगरला गेला, सांडव्याच्या पाण्याने खड्डा पडला, तर तो आधारही जातो. सांडव्याखालचा खड्डा दरवर्षी मोजा म्हणतात तो त्यासाठी.

पेनसिल्व्हेनियातल्या ऑस्टिनचं धरण १९११ मधे गेलं ते असंच. काँक्रीटचं, १५ मीटरच्या आसपास उंचीचं. वालुकाश्माच्या थरांमधे मऊ शेल. जानेवारी १९१० मधे ते पायाशी अर्ध्या मीटरच्या आसपास सरकलं होतं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा भरलं. ग्वाल्हेरजवळचं तिगरा १९१७ मधे गेलं. ते दगडी, पाया वालुकाश्माचा.

नवशिका

एक बाळबोध शंका. आमच्या भागातल्या धरणाची गळती दोन वर्षांत निम्मी झाली अशी बातमी आली आणि सगळे खूश झाले. वरच्या हिशेबाने ती वाईट बातमी म्हणायची का?

गॅलरीवाला

शंका बाळबोध नाही. उत्तर: आधी सांगा, गळती कुठली?

धरणाच्या अंगातून, सांध्यातून, लिफ्टच्या (एका वेळी ओतलेल्या काँक्रीटच्या थराच्या) रेषेतून येणारं पाणी एक. पायातल्या ड्रेनमधून मुद्दाम बाहेर काढलेलं पाणी दुसरं. दोन्ही गॅलरीच्या एकाच गटारात पडतात आणि शेवटी एकाच नॉचवर (प्रवाह मोजायच्या खाचेवर) मोजतात, तिथेच घोळ होतो. पाण्याकडून पॉइंटिंग (सांधे मसाल्याने भरणं) केल्यामुळे पहिलं कमी झालं असेल तर पेढे वाटा. तलांक, म्हणजे जलाशयाची पातळी, तोच असताना दुसरं कमी झालं असेल तर पिझोमीटर (पायाखालच्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र) बघा. ड्रेनचं पाणी घटलंय आणि पिझोमीटर चढलाय, म्हणजे भोकं बुजताहेत. पाणी कुठे गेलेलं नाही, धरणाखाली दबून बसलंय.

बुजतात कशाने? मुख्यतः चुन्याने. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्यात विरघळून येतो, भोकाच्या तोंडाशी हवा लागली की कार्बोनेट होऊन बसतो. पांढरे ओघळ, मग पांढरी कवचं, मग तोंडाला अंगठ्याएवढी वाट. ग्राउट पडद्यातलं, म्हणजे पायाच्या खडकात सिमेंट भरून केलेल्या आडभिंतीतलं, सिमेंटही असंच झिजून येतं. काही ठिकाणी लोहाचा गंजट चिखल असतो, तो जंतूंमुळे होतो आणि साफ केल्यावर महिन्याभरात परत येतो.

साफसफाईचा क्रम:

पाणी खाली असताना, उन्हाळ्यात. प्रत्येक भोकाला क्रमांक. आधी दोरी-वजनाने खोली मोजायची आणि मूळ खोलीशी ताडायची. ३० मीटरचं भोक ११ मीटरवर टेकलं तर खाली १९ मीटर बुजलंय, वरून पाणी येत असलं तरी. मग जास्त दाबाच्या पाण्याचा जेट, तोंड खालून वर ओढत. कवच कडक असेल तर रीमिंग (भोक पुन्हा कोरून काढणं). तेही चाललं नाही तर शेजारी नवं भोक. सळई ठोकून कवच फोडायचा मोह होतो, तो टाळा, तुकडे खाली पडून भोक कायमचं अडतं. शेवटी पुन्हा खोली, पुन्हा प्रवाह, आणि जवळच्या पिझोमीटरचं आधीचं-नंतरचं वाचन. दाब उतरला नसेल तर सफाई झालेली नाही, फक्त बिल झालंय.

अंतर साधारण ३ मीटर. खोली ग्राउट पडद्याच्या खोलीच्या ३५ ते ७५ टक्के. ड्रेन कायम पडद्याच्या खालच्या अंगाला आणि कायम ग्राउटिंगनंतर पाडायचे. उलट केलं तर सिमेंट थेट ड्रेनमधे. दुरुस्तीचं ग्राउटिंग करतानाही हेच विसरतं. पडदा घट्ट करायला जातात आणि शेजारचे चालू ड्रेन भरून बसतात. त्यामुळे दुरुस्तीच्या कामाच्या अंदाजपत्रकात ड्रेन पुन्हा पाडण्याची बाब हवीच.

शून्यताण

+१. आणि पडदा की ड्रेन असा वाद निघाला तर माझं मत ड्रेनला. पडदा पाणी कमी करतो, दाब उतरवतो तो ड्रेन. पडद्याची खोली ढोबळमानाने पाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश अधिक ८ मीटर धरतात, म्हणजे आपल्या छेदाला ७५ मीटरच्या आसपास. एवढं खोल सिमेंट घालूनही एक भेग सुटली तर दाब पलीकडे पोचतोच. पाणी थोडं, दाब पूर्ण.

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस आठवा. वक्राकार काँक्रीट ग्रॅव्हिटी धरण, १९२६ मधे पूर्ण, १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री गेलं, चारशेहून जास्त माणसं गेली. अपलिफ्ट उतरवायची सोय फक्त मधल्या भागाखाली होती. नंतर उभा राहिलेला तोच मधला भाग, दोन्ही बाजू वाहून गेल्या. डावी बाजू जुन्या दरडीवर टेकली होती, त्यामुळे सगळा दोष अपलिफ्टवर टाकणं अन्यायाचं होईल. पण बांधताना उंची वाढवली आणि पाया त्या प्रमाणात रुंदावला नाही, हेही होतंच.

पाझर_मोजणारा

मोजमापाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ९० अंशाच्या व्ही-नॉचला प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. ५ सेंटिमीटरला सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, १० सेंटिमीटरला जवळपास ४.४ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट.

उलट अर्थ असा की ५ सेंटिमीटरच्या वाचनात एक मिलिमीटरची चूक म्हणजे प्रवाहात ५ टक्के चूक. पट्टी नॉचच्या अगदी तोंडाशी लावली की तिथे पाणी आधीच वाकलेलं असतं आणि वाचन कमी येतं. पट्टी मागे हवी, उंचीच्या निदान तीन-चार पट. नॉचच्या धारेवर चुन्याचं कवच बसलं की पाणी वर चढतं आणि गळती वाढल्यासारखी दिसते. "अचानक गळती वाढली" यातल्या काही गोष्टी ब्रशने मिटतात!

आणि पाण्याचा रंग. स्वच्छ पाणी कितीही असो, आधी शांतपणे नोंदवा. गढूळ आलं तर बाटलीत भरून ठेवा, तळाशी काय बसतं ते बघा आणि लगेच वर कळवा. गढूळ म्हणजे काहीतरी धुपून येतंय. बहुधा खडकाच्या फटीतली माती किंवा तोच लाल बोल.

कोयनाकाठ

इतका वेळ सगळे पायाशीच आहेत. कोयनेला भेग पायाशी पडली नव्हती.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. धरण रबल काँक्रीटचं, १०३ मीटर उंच, पायाला सुमारे ७० मीटर रुंद. पाणी पायापासून ९२ मीटरच्या आसपास. संकल्पनात भूकंपाचा गुणांक ०.०५ धरलेला, म्हणजे वजनाच्या ५ टक्के आडवं बळ, तेही पायापासून माथ्यापर्यंत सारखंच. धरणातल्याच यंत्रावर नदीच्या दिशेने नोंदलेलं त्वरण ०.४९ जी (गुरुत्व त्वरणाच्या ४९ टक्के) च्या घरात.

भेगा पडल्या त्या सांडवा नसलेल्या उंच ब्लॉकना, पायापासून साधारण ६६ मीटरवर, दोन्ही चेहऱ्यांवर. त्या पातळीलाच खालच्या चेहऱ्याचा उतार एकदम बदलतो. खाली पसरट, वर जवळजवळ उभा आणि जाडजूड. बांधकाम टप्प्याटप्प्याने करायचं ठरलेलं ते मधेच बदललं, त्यातून हा छेद आला.

यात दोन गोष्टी एकत्र आल्या. धरण हलतं तेव्हा माथा पायापेक्षा कितीतरी पट जास्त हलतो, चाबकाच्या टोकासारखा. अशा उंचीच्या धरणाची स्वतःची लय सेकंदाला तीन हेलकाव्यांच्या आसपास आणि नेमक्या त्याच पट्ट्यात भूकंपाची ताकद भरपूर असते. पायापासून वर सारखाच गुणांक धरला की हे झोल दिसतच नाही. दुसरं, उतार जिथे मोडतो त्या कोपऱ्यात ताण एकवटतो. वर जड डोकं, खाली अचानक बारीक मान.

सांडव्याच्या ब्लॉकना तेवढा त्रास झाला नाही, त्यांचं डोकं कमी उंच. पुढे भेगांत इपॉक्सी, वरून खाली ताणलेल्या केबल आणि मग खालच्या चेहऱ्याला काँक्रीटचे बट्रेस, म्हणजे टेकूच्या भिंती. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण बरंच नंतर, २००० नंतरच्या दशकात झालं.

जे धरण पडलं नाही ते का पडलं नाही, हेही सांगायला हवं. भेग पडून माथ्याचा भाग वेगळा झाल्यासारखा झाला तरी भूकंपाचं बळ क्षणोक्षणी दिशा बदलतं. सरकायला लागेपर्यंत ते उलटतं. पाण्याच्या स्थिर रेट्याला तो भाग वजनावर आणि भेगेच्या खडबडीत पृष्ठभागावर तग धरून राहिला. त्यामुळे भूकंपानंतरचा खरा प्रश्न असतो तो हा: भेगेत आता पाणी शिरलंय, उद्याच्या साध्या दिवशी हा छेद पुरतो का?

तलांक

आपल्या १०० मीटरच्या छेदाला ०.१ जी लावून बघितलं, जुन्या पद्धतीने. धरणाचं स्वतःचं बळ ९६० टन. पाणी हलल्यामुळे वाढणारा दाब वेस्टरगार्डच्या सूत्राने ५८३ टन. ५,००० चे ६,५४३ झाले. तीसएक टक्के वाढ. पण यात माथ्याचा चाबूक कुठेच नाही, बरोबर?

कोयनाकाठ

कुठेच नाही. हा हिशेब पायाशी घसरण तपासायला ठीक, मानेशी ताण तपासायला निरुपयोगी. तिथे डायनॅमिक विश्लेषणच लागतं, पाणी आणि पायाचा खडक दोन्ही धरून. आणि अपलिफ्ट भूकंपाच्या क्षणी बदलत नाही असं धरतात, कारण झटका इतका छोटा असतो की पाण्याला भेगेत शिरायला वेळच मिळत नाही. तेवढीच एक सवलत.

नवशिका

दगडी धरणांना हेच लागू का? आपल्याकडे तीच जास्त दिसतात.

गॅलरीवाला

गणित तेच, दुखणं वेगळं. वजन थोडं कमी, चुना-सुरखीचा मसाला, आणि अंगातूनच पाणी. शंभरेक वर्षांत मसाल्यातला चुना धुपला की वजन घटतं आणि अंगाच्या आत, पायाच्या वरही, अपलिफ्ट तयार होतं. फ्रान्समधलं बूझे १८९५ मधे गेलं ते असंच. वरचा भाग आडव्या रेषेवर सुटला, कारण अपलिफ्ट त्या काळी मोजतच नव्हते. भंडारदऱ्याला १९६९ मधे भेगा आणि गळती आली, मग बट्रेस आणि केबल करावे लागले.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: खालच्या चेहऱ्यावर ओल दिसते म्हणून तिथे गिलावा किंवा शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट). फोटो छान येतो. पण पाणी पाण्याकडून शिरतंय, तुम्ही बाहेर जायचं दार बंद केलंत. अंगात दाब साठतो, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रा फुगून पडतो आणि तोवर आत काय झालं ते कळत नाही. क्रम उलटा हवा: पाण्याकडून बंद, खालून मोकळं. पाण्याकडे सांधे कोरून पॉइंटिंग, अंगात कमी दाबाने ग्राउटिंग, अंगातले ड्रेन पुन्हा मोकळे. कमी दाबाने हे अधोरेखित. जोरात दाब दिला तर ग्राउटच दगड उचलतं आणि नवीन भेग तुम्हीच पाडता. तमिळनाडूतल्या कदंबराई धरणाला २००५ मधे पाण्याकडून अख्खी प्लास्टिकची चादर लावली, तो त्याच विचाराचा टोकाचा प्रकार.

लिफ्ट_दीडमीटर

नव्या काँक्रीट धरणांत भेग जन्माला येते ती पहिल्या आठवड्यात. सिमेंट ओलं झालं की तापतं, घनमीटरमागे दर १०० किलो सिमेंटला साधारण १० ते १२ अंश. म्हणून आतल्या काँक्रीटमधे सिमेंट कमी, १५० मिलिमीटरपर्यंतची खडी, बर्फ घातलेलं पाणी, लिफ्ट दीड मीटरची आणि दोन लिफ्टमधे ७२ तासांचं अंतर. भाक्रामधे तर नळ्या पुरून थंड पाणी फिरवलं. ब्लॉकची रुंदी १५ ते २० मीटर, मधे धरणाच्या लांबीला काटकोनात, वरून खाली जाणारे सांधे आणि त्यात वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी). वॉटरस्टॉपभोवती काँक्रीट नीट ठेचलं नाही तर तो असून नसल्यासारखा, कारण पाणी त्याला वळसा घालून येतं.

लिफ्टचा पृष्ठभाग ग्रीन कटिंगने खरवडायचा, पाणी-हवेच्या झोताने, काँक्रीट घट्ट झालेलं पण कोवळं असताना. लवकर केलं तर खडी सुटते, उशीर झाला तर मलई (वर आलेला सिमेंटचा कमजोर थर) निघत नाही. मलईवर पुढची लिफ्ट ओतली की ती रेषा आयुष्यभर गळते. मांजऱ्यांनी धरलेला ५० टनांचा चिकटपणा तिथे कुणी मोजू नये. घाटघरसारख्या रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत थर तीसएक सेंटिमीटरचे, म्हणजे अशा रेषा पाचपट. वेग मिळतो, पण दोन थरांमधल्या वेळेवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

रिहंद आणि हिराकूडचं दुखणं अजून वेगळं. खडीतली सिलिका आणि सिमेंटमधले अल्कली यांची प्रक्रिया होऊन काँक्रीट वर्षानुवर्षं फुगतं. तिथे स्थैर्याच्या आधी दरवाजे अडकतात.

तलांक

दरवाजांचं बरं आठवलं. स्थैर्याच्या सगळ्या गणितात आपण पाणी "माथ्यापर्यंत" धरलं. दरवाजे उघडले नाहीत तर ते माथ्यावरून जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर ते पाणी खडकवासल्याच्या दगडी धरणावरून गेलं आणि खडकवासलाही फुटलं. उलटा प्रकार तुंगभद्रेचा: १० ऑगस्ट २०२४ ला १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटून दरवाजा वाहून गेला. धरणाला धक्का नाही, पण पाणी गेलं. साखळी, दोर, जनरेटर यांची तपासणी ही स्थैर्याचीच तपासणी आहे, तिला "यांत्रिकी विभागाचं काम" म्हणून बाजूला टाकू नये.

शेवटचं विचारतो. धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी होतेच. त्या अहवालात कुठलं एक पान आधी उघडायचं?

गॅलरीवाला

अपलिफ्टच्या वाचनांचा आलेख. आडव्या अक्षावर जलाशयाचा तलांक, उभ्यावर पिझोमीटर, प्रत्येक वर्षाला वेगळा रंग. तारखेप्रमाणे काढलेला आलेख नको, त्यात पावसाळा चढतो-उतरतो एवढंच दिसतं. तलांकाप्रमाणे काढला आणि ठिपके दरवर्षी थोडे वर सरकत असतील तर ड्रेन बुजताहेत. एकदम वर उडी मारून तिथेच राहिले तर भेगेचा संशय घ्या. तलांक उतरूनही दाब उतरत नसेल तर पिझोमीटरच अडकलाय का ते आधी बघा.

पाझर_मोजणारा

आणि त्याच पानाखाली ड्रेनची यादी. भोकाचा क्रमांक, मूळ खोली, आजची खोली, लिटर प्रति मिनिट. "काही ड्रेन कोरडे आढळले" असं वाक्य चालवून घेऊ नका. कोणते, आणि शेजारचे वाहतात का? एकटं कोरडं भोक काही सांगत नाही. सलग सात कोरडी आणि आठवं जोरात वाहतंय, तर आधी त्या सातांत दोरी सोडा.